थोरल्यांची पाठ

त्या किनाऱ्यावर कुणालाच घर बांधता येत नव्हतं. घरं समुद्र द्यायचा, तीही आधी कुणीतरी राहून सोडलेली. किनाऱ्याचे रहिवासी म्हणजे शंखात राहणारे खेकडे. त्यांचं पुढचं अंग, पाय आणि नांग्या चांगल्या टणक होत्या, पण मागचं अंग लोण्यासारखं मऊ होतं. म्हणून ते रिकाम्या शंखात शिरत, मऊ अंग त्याच्या वळणात अडकवून टाकत आणि घर पाठीवर घेऊन हिंडत. अडचण एकच होती. अंग वाढे आणि घर वाढत नसे. आज ना उद्या प्रत्येकाला घर बदलावं लागे, आणि बदलताना या घरातून निघून त्या घरात शिरेपर्यंत एक श्वासभर उघड्यावर यावं लागे.

त्या एका श्वासाची सगळ्यांना धास्ती होती. किनाऱ्यावरचे सगळे रिवाज आणि निम्मीअधिक भांडणं त्या एका श्वासातून निघालेली होती.

पहिला रिवाज असा, की घर कुणी एकट्यानं बदलायचं नाही. एखादा मोठा रिकामा शंख लाटेबरोबर येऊन पडला, की सगळ्यांनी रांग धरायची. सर्वांत मोठा पुढे, त्याच्यामागे त्याच्याहून जरा लहान, असं करत अगदी चिमुकल्यापर्यंत. प्रत्येकानं आपल्या पुढच्याच्या शंखाची मागची कड नांगीत धरायची. मग पहिल्यानं नव्या शंखात जायचं, दुसऱ्यानं पहिल्याच्या, तिसऱ्यानं दुसऱ्याच्या, आणि अशी सगळी रांग एका दमात एकेक घर पुढे सरकायची. ज्याचं त्याला मापाचं घर मिळे, आणि रांगेच्या शेवटी सर्वांत चिमुकला शंख रिकामा उरे, तो येणाऱ्याजाणाऱ्यासाठी तसाच ठेवून देत. मोठी सोयीची रीत होती. फक्त पहिला हलला पाहिजे, एवढंच.

पहिला म्हणजे थोरले. त्यांचं मूळ नाव काय होतं ते आठवणारे सगळे केव्हाच समुद्रात गेले होते. किनाऱ्याच्या मध्यावर एक काळा खडक होता, त्या खडकाला पाठ टेकून थोरले बसलेले असत. भरती येवो, ओहोटी होवो, थोरल्यांची पाठ खडकावरून हललेली कुणी पाहिली नव्हती. ती जागा मानाची आहे असं सगळे समजत. थोरले बसतात म्हणून मानाची, की मानाची म्हणून थोरले बसतात, याचा कुणी फारसा खल केला नव्हता.

घर बदलायला कुठला ऋतू उत्तम, हे ठरवायचं काम थोरल्यांकडे होतं. काळ्या खडकाला चार खळगे होते, चार ऋतूंचे चार. दर ऋतूत एकदा सभा भरे. ज्याला त्या ऋतूत काही खोट दिसेल त्यानं ती सांगायची आणि त्या ऋतूच्या खळग्यात एक पांढरा खडा टाकायचा. ज्या ऋतूचा खळगा रिकामा राहील तो घर बदलायचा ऋतू. असा ऋतू सापडला की निघायचं, हे ठरलेलं होतं. आणि एकदा ठरलेलं आहे म्हटल्यावर बाकी काही करायची घाई कुणाला नव्हती.

घाई एकीला होती. तिचं नाव सगुणी.

सगुणी रांगेत साधारण मधली. तिच्या पुढचा नंबर घुम्याचा; तो वर्षातून चार शब्द बोले, तेही सभेत, हजेरीपुरते. तिच्या मागचा नंबर ठकूचा. ती घुम्याच्या वाटणीचंही बोलून टाकी. सगुणीचं घर तिला तंग झालं होतं. मागच्या साली तिनं त्या तंग घरात पोटाशी अंडी धरली. अंडी फुगत गेली, जागा फुगली नाही. निम्मी आतल्या आत चेंगरली आणि उरलेलीही त्यांच्या संगतीनं नासली. ती तिनं स्वतःच्या पायांनी एकेक उपसून पाण्यात टाकली. तो दिवस तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. पुढची अंडी यायच्या आत एक घर पुढे सरकायचं, घुम्याच्या ऐसपैस घरात जायचं, एवढंच तिला हवं होतं.

आणि यंदा तर उन्हाळ्याच्या तोंडालाच समुद्रानं एक भलामोठा शंख किनाऱ्यावर आणून टाकला. धड, गुळगुळीत, कुठे टवका म्हणून नाही. काळ्या खडकापासून वीसेक पावलांवर तो तोंड उघडं टाकून पडला होता. थोरल्यांनी तेवढी वीस पावलं टाकली असती, तर संध्याकाळच्या आत सगळा किनारा नव्या घरात गेला असता.

उन्हाळ्याची सभा भरली. थोरल्यांनी डोळ्यांचे देठ हळूच वर केले आणि म्हणाले, "उन्हाळा वाईट. ऊन पाठीवर बसतं. थेट पाठीवर. तिथून उठत नाही."

सगळे चकित झाले. ऊन तापतं हे त्यांना माहीत होतं, पाय पोळतात हेही माहीत होतं, पण शंखाच्या आत असलेल्या पाठीला ऊन लागतं हे कुणाच्या कधी अनुभवाला आलं नव्हतं. थोरल्यांना ऋतू आतून कळतात, आपल्याला नुसते दिवस कळतात, असं एकमेकांना सांगत त्यांनी माना डोलावल्या. थोरल्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि इथे तर दगडही हाताशीच होता.

मग थोरल्यांनी विचारलं, "आणखी कुणाला खोट दिसते का?"

आता खरं ते सांगायला हवं. त्या वेळी पहिली नांगी वर झाली ती सगुणीची.

तिलाच घाई, आणि तिचीच नांगी वर. याचं कारण तिच्या घराच्या डाव्या अंगाला होतं. आदल्या पावसाळ्यात एक दगड गडगडत आला होता आणि त्यानं तिच्या शंखाला चांगली वीतभर नाही, पण पायाच्या लांबीइतकी चीर पाडली होती. सगुणीनं त्या चिरेवर हिरवं शेवाळ चिकटवलं होतं, रोज ओलं करून ते जगवलं होतं, आणि ठकू बाजूला आली की ती आपोआप उजवं अंग तिच्याकडे करी. घर बदलायचं म्हणजे आपलं जुनं घर मागच्याच्या स्वाधीन करायचं. म्हणजे ठकू त्यात शिरणार, ठकूला चीर सापडणार, आणि मग "हे असलं घर दिलंस होय गं मला?" हे वाक्य किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मुठी असलेले म्हणतात. सगुणीला मूठ नव्हती, शेवाळ होतं.

म्हणून तिच्या तोंडून निघालं, "उन्हाळ्यात वाळू फार तापते." आणि तिनं खळग्यात खडा टाकला. खडा टाकल्याबरोबर तिला हायसं वाटलं. लगेच त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. पण तोवर तिच्यामागून खड्यांचा पाऊस सुरू झाला होता आणि उन्हाळ्याचा खळगा काठोकाठ भरला. सगळे आपापल्या जागी गेले, आणि सगुणीनं पाहिलं की प्रत्येकाची चाल जराशी हलकी झालेली आहे. वाईट निकालानं एवढं हलकं का वाटावं, हे तिच्या लक्षात आलं नाही. स्वतःपुरतं तेवढं माहीत होतं.

पावसाळ्याची सभा भरली. थोरले म्हणाले, "पावसाळा वाईट. पाणी पाठीतून आत येतं." पुन्हा सगळे चकित झाले. ठकूनं पुढे होऊन सांगितलं, की पावसाळ्यात वरून, अगदी टोकाकडून थेंब गळतात, झोपेचं खोबरं होतं. दुसऱ्या नंबरचा भिकाजी, मोठा शिस्तीचा गृहस्थ, त्यानं एक सोडून दोन खडे टाकले. खळगा भरला.

शरदातली सभा होईतो सगुणीचं दार लागेनासं झालं होतं. शंखातल्या खेकड्याला दार म्हणजे त्याची मोठी नांगी. आत सरकायचं आणि नांगी तोंडाशी आडवी लावायची, की घर बंद. सगुणी कितीही आत सरकली तरी दोन पाय आणि अर्धी नांगी बाहेर राही. शरदात लांबून पांढरे पक्षी येतात. त्यातल्या एकानं वरून झेप घेतली तेव्हा ठकूचं घर बंद झालं, घुम्याचं झालं, आणि सगुणीच्या बाहेर राहिलेल्या एका पायाचं टोक पक्षी घेऊन गेला.

ठकूनं दिवसभर तिच्याजवळ बसून काढला. बोलण्यानं कितीही तिखट असली तरी अडल्यावेळी ठकू हलत नसे. "तू सभेत सांग ना गं," ती म्हणाली. "पाय दाखव त्यांना. तू हललीस तर मी हलेन. मलाही आता कुशीवर वळता येत नाही."

सगुणीनं सभेत पाय दाखवला. सगळ्यांना मनापासून वाईट वाटलं. थोरले म्हणाले, "बघा. शरद किती वाईट." खळगा भरला.

हिवाळ्याची सभा भरायच्या आतच सगुणीला अंडी आली. नारिंगी, मोहरीएवढी, पोटाच्या पायांना घट्ट धरून बसलेली. यंदा ती मागच्याहून जास्त होती. पहिले काही दिवस ती कशीबशी मावली. मग एका सकाळी तिला घराच्या तोंडाशी, बाहेरच्या वाळूत, तीन दाणे पडलेले दिसले. ती ते तीन दाणे बघत बराच वेळ उभी राहिली. भीती तिला पक्ष्याच्या वेळीही वाटली होती. ही वेगळी होती, ही अंड्यांसाठी होती.

ती सभेत गेली तेव्हा थोरले म्हणत होते, "हिवाळा वाईट. वारा पाठीला चावतो." घुम्यानं न बोलता खडा टाकला. चौथा खळगा भरला.

आता चारही खळगे भरले होते. पुढे काय, असं दर सालाप्रमाणे कुणीतरी विचारलं. थोरले म्हणाले, जुने खडे काढून नव्यानं पाहायला सुरुवात करू. ऋतू बदलतात, एखाद्या साली एखादा सुधारेलही. सगळ्यांना ते पटलं. सगुणी सभेच्या मधोमध उभी होती. तिला ओरडून सांगायचं होतं, की अंडी आलेली आहेत, तीन पडलीसुद्धा. पण तिला आठवलं, उन्हाळ्यातला पहिला खडा आपला होता. तिचं तोंड उघडलंच नाही.

हिवाळा सरत आला. एके दुपारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, आभाळ भरून आलं आणि अवकाळी पाऊस कोसळू लागला. सोबत वारा, आणि वाऱ्याबरोबर बोराएवढ्या गारा. ज्यांची दारं लागत होती त्यांनी ती लावून घेतली. सगुणीचं लागत नव्हतं. तिनं पोटाखाली पाय दुमडून अंडी झाकली आणि आडोसा शोधत वाट फुटेल तिकडे धावली. काळ्या खडकाच्या मागच्या बाजूला एक कपार होती. मानाच्या जागेच्या मागे कुणी जात नसे. सगुणी गेली. मान बघायची ती वेळ नव्हती.

कपार आतून अरुंद होत होत पार पलीकडे निघाली होती. सगुणी जमेल तेवढी आत सरकली आणि पुढे तिला उजेडाऐवजी एक शंख दिसला. थोरल्यांचा. मागून. आजवर कुणी न पाहिलेली बाजू. आणि त्या बाजूला, बरोबर मध्यावर, करवंदाएवढं भोक होतं. भोकातून थोरल्यांची उघडी पाठ दिसत होती, लाल झालेली, जागोजाग घट्टे पडलेली. खडकावरून ओघळणारं पाणी नेमकं त्या भोकात जात होतं. वारा कपारीतून येऊन त्यात घुमत होता. थोरले कुडकुडत होते.

सगुणीला सभेतलं पाठीवरचं ऊन आठवलं, पाठीतून येणारं पाणी आठवलं, पाठीला चावणारा वारा आठवला.

"मागे कोण आहे?" थोरल्यांनी विचारलं. आवाज सभेतला नव्हता.

"मी आहे, थोरले. सगुणी."

थोरल्यांनी पाठ भोकापासून आत ओढायचा प्रयत्न केला.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"कुणाला सांगू नकोस," थोरले म्हणाले. मग थांबून म्हणाले, "मी या भोकाला फार भ्यालो बघ. भिकाजी माझ्या मागचा. शिस्तीचा गडी. त्याच्या हाती मी हे घर देणार, भोक पडलेलं? सगळ्या किनाऱ्याचा थोरला मी. तो काय म्हणेल? दर साली वाटायचं, पुढच्या ऋतूत काहीतरी करून बुजवीन आणि मग निघेन."

सगुणीला त्यांचा राग यायला हवा होता. चार ऋतू, एका पायाचं टोक आणि तीन अंडी. राग तिनं पोटात शोधलाही. पण तिथे तिला स्वतःचा उन्हाळ्यातला खडा सापडला, आणि राग विरघळून गेला. ती त्या अडचणीतच कशीबशी वळली, डाव्या अंगावरचं शेवाळ तिनं नांगीनं खरवडून काढलं आणि ती बाजू कपारीतून येणाऱ्या उजेडाकडे केली.

"थोरले, देठ जरा मागे वळवा. हे माझं. ठकूपायी झाकून ठेवलंय."

थोरल्यांनी डोळ्यांचे देठ वळवून पाहिलं. आधी त्यांना समजेना. मग समजलं, आणि ते हसू लागले. त्यांना हसताना कुणी ऐकलं नव्हतं. शंखातल्या भोकामुळे त्या हसण्याला शिट्टीसारखा आवाज येत होता. त्या शिट्टीचं सगुणीलाही हसू आलं. पोटाशी धरलेली अंडी हलली.

"थोरले," ती म्हणाली, "माझं दार लागत नाही. अंडी बाहेर पडायला लागली आहेत. तुम्ही वीस पावलं चाललात तर ती राहतील. नाहीतर नाही."

"आत्ता? पण हा ऋतू कुठला?"

सगुणीनं बाहेर पाहिलं. थंडीच्या दिवसांत पावसाळ्याचा पाऊस, त्यात उन्हाळ्यातल्या वळवाच्या गारा. "कुठलाच नाही," ती म्हणाली. "याचा खळगाच नाही."

थोरल्यांनी एक नांगी पावसात बाहेर काढून पाहिली. मग म्हणाले, "भोक दिसेल चालताना."

"मी मागून नांगी धरते त्यावर. कुणाला दिसणार नाही."

"पण माझ्या मागे भिकाजीचा नंबर. तू मधली. रांग सोडून आलीस तर तुझी जागा जाईल."

"जाऊ दे," सगुणी म्हणाली. म्हणताना तिला धडकी भरली होती, पण ती म्हणाली.

गारा थांबल्या, पाऊस सुरूच होता. पांढरे पक्षी पंख मिटून कुठेतरी बसले होते. घुम्यानं सहज दार किलकिलं केलं आणि जे दिसलं ते बघून त्यानं ते पुरतं उघडलं. थोरल्यांची पाठ खडकापासून सुटली होती. थोरले चालत होते. त्यांच्यामागे, भोकावर नांगी दाबून, सगुणी चालत होती. घुम्यानं शेजारच्या घरावर टकटक केली. टकटक पुढे गेली, आणि पावसातच एकेक दार उघडत गेलं. कुणी काही विचारायच्या आधी पायांनीच रांग धरली. त्यांना ती सवय जुनी होती. भिकाजी लगबगीनं पुढे आला आणि आपल्या जागी मधलीच कुणीतरी बघून बावचळला.

"सगुणे, ही जागा माझी आहे," तो म्हणाला. "नांगी काढ. कड मला धरायची आहे."

सगुणी नांगी काढेना. ठकू मागून ओरडली, "अगं, तुझं डोकं फिरलंय का?" रांगेत कुजबुज सुरू झाली. कुजबुज वाढली असती तर सगळे पुन्हा घरात शिरले असते आणि दारं लागली असती. सगुणीला ते दिसत होतं. थोरल्यांनाही दिसलं असावं.

"काढ गं नांगी," थोरले म्हणाले. "काढ. बघू दे त्याला."

सगुणीनं नांगी काढली. भिकाजीनं पाहिलं. सगळ्या रांगेनं माना लांब करून पाहिलं. थोरले डोळ्यांचे देठ खाली घालून उभे होते.

"भोक आहे," थोरले म्हणाले. "बरीच वर्षं आहे. हे घर तुला द्यायचं मला धाडस होत नव्हतं, भिकाजी. आज देतोय. पटत नसेल तर तसं सांग."

भिकाजीनं भोकाच्या कडेवरून नांगी फिरवली. मग त्यानं आपला शंख हळूच कलता केला आणि खालची बाजू दाखवली, जी तो नेहमी वाळूत टेकवून बसे. "एकच आहे ना?" तो म्हणाला. "माझ्याला दोन आहेत."

मग भिकाजीच्या मागच्यानं घसा साफ करून सांगितलं, की त्याच्या शंखाची कड फुटलेली आहे, तो तिथे कालवाची शिंपली लावून ठेवतो. त्याच्या मागचीनं सांगितलं, की तिच्या घराला आतून कुजका वास मारतो. असं एकेक करत ते मागे आलं. घुम्याच्या पाळीला घुम्या म्हणाला, "माझं आत तडकलंय. थंडीत अंगाला टोचतं." हे त्या सालातलं त्याचं सर्वांत मोठं भाषण होतं.

सगुणीनं वळून ठकूला डावं अंग दाखवलं. ठकूनं ती चीर वरपासून खालपर्यंत नीट निरखली.

"एवढंच?" ठकू म्हणाली. "आणि यासाठी तू वर्षभर मला उजवी बाजू दाखवत फिरलीस? मला वाटत होतं मी तुझं काही वाकडं केलंय. अगं बाई, माझ्या घराला तर टोकच नाही. पाऊस डोक्यावर गळतो तो काय आभाळातून थेट गळतो होय?"

मग ज्याचं हसू त्याला आवरेना. पावसात उभी रांग नुसती हलत होती. भिकाजीनं मात्र शिस्त सोडली नाही. तो खडकापाशी गेला, तिथे पाण्याखाली चिकटलेलं एक समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा मऊ जीव, त्यानं नांगीनं अलगद थोपटून सोडवलं आणि थोरल्यांच्या घराच्या भोकावर आणून बसवलं. फुलानं बूड घट्ट धरलं आणि भोक नाहीसं झालं.

"आता कड धरा," भिकाजी म्हणाला. "आणि सगुणे, तू तुझ्या जागेवर जा. घुम्यानं धरून ठेवली आहे."

घुम्यानं खरंच आपल्या मागे एका खेकड्याएवढी मोकळी जागा राखली होती आणि ठकू तिच्या मागच्यांना पुढे येऊ देत नव्हती. सगुणी तिथे जाऊन उभी राहिली आणि तिनं घुम्याच्या शंखाची कड धरली. ठकूनं तिच्या शंखाची धरली, बरोबर चिरेच्या बाजूला.

थोरले त्या मोठ्या शंखाच्या तोंडाशी पोचले. त्यांनी एक नांगी आत घालून पाहिली, दुसरी घातली. मग त्यांनी घर सोडलं. इतक्या वर्षांची लाल पाठ पावसात, उजेडात, सगळ्यांसमोर बाहेर आली आणि आत गेली. भिकाजी निघाला, शिरला. त्याच्या मागचा निघाला, शिरला. घुम्या निघाला. सगुणीनं डोळ्यांचे देठ आत ओढले, अंडी पोटाशी धरली आणि ती उघड्यावर आली. मऊ अंगाला पाऊस लागला. तो गार होता आणि चांगला वाटला. मग घुम्याच्या घराच्या वळणानं तिला आत घेतलं.

एक श्वास. ज्याची सगळ्यांना धास्ती होती तो एवढाच होता, आणि झालाही.

रांगभर दारं लागल्याचे आवाज आले. सगुणी आत सरकली. आणखी सरकली. अजून जागा होती. आतल्या तडकलेल्या भागाशी तिचं अंग लागलं, तेव्हा तिनं जरासा कोन बदलला. मग तिनं मोठी नांगी आडवी लावली, आणि दार लागलं. आत अंधार झाला. पोटाखाली अंडी सैल, मोकळी झाली होती. सगुणी त्या अंधारात पडून होती आणि तिला रडू येत होतं, सुटल्याचं रडू. बाहेर पाऊस पडत होता की थांबला होता, हेही तिला कळत नव्हतं.

ती तीन अंडी गेली ती गेली. बाकीची सगळी टिकली. उन्हाळ्याच्या तोंडाला, एका सकाळच्या मोठ्या भरतीला, सगुणीनं ती पाण्यावर सोडली. लाटेनं ती उचलली. किनाऱ्यावर रांगेच्या शेवटी उरलेला चिमुकला रिकामा शंख पडला होता, तो तिनं लाटेच्या वाटेवर नीट उताणा करून ठेवला.

मग वैशाखाचं ऊन पेटलं. एका दुपारी ती थोरल्यांना भेटायला निघाली. कोरडी वाळू तव्यासारखी तापली होती, तिला पाय आलटूनपालटून उचलावे लागत होते. थोरले काळ्या खडकाजवळ नव्हते. जिथे ते बसत तिथला खडक घासून गुळगुळीत झालेला दिसत होता, आणि खळग्यांत भरतीचं पाणी साचलं होतं. खडे कधी वाहून गेले ते कुणी पाहिलं नव्हतं. थोरले पार मोकळ्यावर, ओल्या वाळूत पाय रोवून, समुद्राकडे तोंड आणि सगळ्या किनाऱ्याकडे पाठ करून बसले होते. नव्या शंखाची अखंड पाठ उन्हात चकाकत होती. सभेच्या जुन्या सवयीनं त्यांनी नांगीत एक पांढरा खडा धरला होता.

"सगुणे," ते झोपाळलेल्या आवाजात म्हणाले, "पाठीला आता काही कळत नाही. उन्हाळा लागला की मला सांग हं."

सगुणीनं पोळलेला पाय वर उचलला.

"सांगते, थोरले," ती म्हणाली.